धर्मगुरूंना कुटुंब नियोजनाच्या कामात कसं जोडायचं? नागपुरात आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्याशा गटाला नागपूर शहरात आणि जिल्ह्यात हे काम करून बरीच वर्षं झाली. नवीन पोरंपोरी कामाला येतात, आशाताई फोन करतात, कधी एखादे गुरुजी स्वतःच विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतोय.

दवाखाने आहेत, आशाताई आहेत, मग या सगळ्यात धर्मगुरूंना काहून मधात आणता?

कारण माहिती कमी आहे म्हणून अडत नाही, बहुतेक वेळा भीतीनं अडते. उमरेड तालुक्यातल्या एका बाईचं सांगतो. चार वर्षांत तीन बाळंतपणं, हिमोग्लोबिन सहाच्या घरात, चालताना दम लागायचा. तिला तांबी माहीत होती, अंतराचं इंजेक्शन माहीत होतं, आशाताई चारदा घरी जाऊन आली होती. तिचं उत्तर एकच, "सासू म्हणते पाप लागते, देवानं देल्लं ते नाही म्हणू नये." आता यावर नर्सबाई काय बोलणार? पाप आहे की नाही हे नर्सबाईनं सांगितलं तर सासू ऐकणार आहे का? तो प्रश्नच दवाखान्याचा नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडं गेल्याशिवाय त्या बाईची वाट मोकळी होत नाही, एवढं साधं आहे हे.

मग त्यांनी नेमकं करायचं काय? निरोध वाटायचे का?

नाही नाही. हा गैरसमज पहिल्याच भेटीत दूर करा, नाहीतर माणूस दुसऱ्यांदा भेटत नाही. कोणतं साधन, कधी, कोणाला चालतं, कोणाला नाही, हे सगळं डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंचं काम. धर्मगुरूंकडून आपल्याला तीनच गोष्टी पाहिजेत. दोन बाळंतपणांत अंतर ठेवणं म्हणजे देवाचा अपमान नाही हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगावं. नवऱ्याला सांगावं की बायकोच्या तब्येतीची जबाबदारी त्याची पण आहे. आणि कोणी एकट्यात येऊन विचारलं तर त्याला न रागावता योग्य ठिकाणी पाठवावं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची, कारण लोक प्रवचनात मान हलवतात आणि खरा प्रश्न चपला घालताना विचारतात.

पहिल्या भेटीत काय बोलायचं? आम्हाला फार संकोच होतो.

होणारच, आम्हाला पण व्हायचा. यावर जरा सविस्तर लिहितो कारण इथंच बहुतेक जण चुकतात.

पहिली चूक म्हणजे लोकसंख्येपासून सुरुवात करणं. "देशाची लोकसंख्या वाढून राहिली, तुम्ही काही करा" असं म्हटलं की समोरच्याला वाटतं हे आमच्या लोकांना मोजायला आले. संपलं. त्याऐवजी आईपासून सुरू करा. "तुमच्या वस्तीतल्या किती बाया बाळंतपणात अशक्त होतात, तुम्ही तर सगळ्यांच्या घरी जाता, तुम्हाला काय दिसतं?" असं विचारा आणि मग खरंच गप्प बसून ऐका. बारसं, अकीका, बाप्तिस्मा, मयत, सगळीकडं हीच माणसं असतात. बाळंतपणात गेलेल्या पोरीची मयत त्यांनी केलेली असते. एका मौलाना साहेबांनी आम्हाला पहिल्या भेटीत पाऊण तास हेच सांगितलं, आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि निघताना तेच म्हणाले की पुढच्या वेळी डॉक्टरणीला घेऊन या.

दुसरी चूक, पुस्तिका घेऊन जाणं. पहिल्या दिवशी हात रिकामे ठेवा. तिसरी चूक, त्यांना त्यांचाच धर्म शिकवणं. तुम्ही कितीही वाचलेलं असो, आयत किंवा श्लोक त्यांच्यापुढं फेकू नका. "याबद्दल तुमच्याकडं काय सांगितलंय?" असं विचारा. माणूस स्वतः शोधून जे बोलतो त्याच्यावर तो ठाम राहतो.

आणि वैद्यकीय बाजू दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे: बाळ झाल्यावर पुढचा गर्भ राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे दोन लेकरांत जवळजवळ तीन वर्षांचं अंतर पडतं, आणि पहिलं बाळंतपण विशीच्या आत नको. लवकर लवकर बाळंतपणं झाली तर आईचं रक्त भरून निघत नाही, पुढचं बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी होण्याचा धोका वाढतो. बस.

इस्लाममध्ये तर हे हराम आहे ना?

इतकं सरळ नाही. हा प्रश्न विचारणारे अर्धे लोक मुसलमान नसतात, तेही सांगून ठेवतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींमध्ये, त्यांचे सोबती हजरत जाबिर यांचं कथन आहे की कुरआन उतरत होतं त्या काळात आम्ही अज्ल करायचो, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून वीर्य बाहेर सोडायचो. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत ते आहे. जुन्या काळातले मोठे इस्लामी विद्वान इमाम गजाली यांनी अज्लला परवानगी असल्याचं लिहिलंय, आणि त्यांनी दिलेल्या कारणांत बाळंतपणाच्या धोक्यापासून बायकोला जपणं हे पण एक आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आईनं बाळाला पूर्ण दोन वर्षं पाजण्याचं सांगितलंय, आणि अंतर ठेवण्याबद्दल बोलताना बरेच उलेमा, म्हणजे इस्लामचे जाणकार, तिथूनच सुरुवात करतात. म्हणून तात्पुरत्या साधनांवर, नवरा-बायको दोघं राजी असतील तर, बऱ्याच उलेमांची हरकत नसते. कायमच्या ऑपरेशनवर मात्र बहुतेकांची हरकत असते, आईच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. ही हरकत मान्य करून काम करा. मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागकडं जाऊन नसबंदीचा आग्रह धरायची काही गरजच नाही, तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध हे सगळं उरतंच ना.

इराणचं उदाहरण खूप जण देतात. तिथं १९८९ पासून सरकार आणि धर्मगुरू एकत्र येऊन बोलायला लागले, लग्नाआधी जोडप्यांना वर्गाला बसावं लागायचं, आणि १९८० च्या दशकात बाईमागं सहाच्या आसपास असलेली मुलं २००० च्या सुमारास दोनच्या आसपास आली. पण पुढं २०१२ नंतर तिथल्या सरकारनं धोरण उलटं फिरवलं. म्हणून मी म्हणतो, सरकारला किती मुलं पाहिजेत यावर काम उभं करू नका, बाईला काय पाहिजे यावर करा.

बौद्ध विहारांमध्ये हे काम सोपं जातं का?

नागपुरात तुलनेनं सोपं, कारण पाया आधीच घातलेला आहे. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेबांनी तयार केलेलं ते भाषण पक्षाचे आमदार रोहम यांनी सभागृहात वाचलं. ठराव नामंजूर झाला, पण विचार करा, १९३८ साली! त्याआधी १९३४ मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वेंवर त्यांच्या मासिकातल्या मजकुरावरून खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूनं वकील म्हणून कोर्टात उभे राहिले ते पण बाबासाहेबच. दीक्षाभूमीच्या शहरात ही गोष्ट विहारात सांगितली की जुने उपासक सुद्धा ताठ बसतात. भंतेजींना एकच शंका असते ती पंचशीलातल्या पहिल्या शीलाची, प्राणिहत्या. तिथं डॉक्टरांकडून नीट समजावून द्या की निरोध, गोळ्या, इंजेक्शन ही साधनं गर्भ राहूच नये म्हणून असतात, राहिलेला गर्भ पाडायला नाही.

हिंदूंमध्ये नेमकं कोणाला भेटायचं, एक असा धर्मगुरू तर नसतोच?

खरंय, आणि म्हणून इथं मेहनत जास्त लागते. गावागावात वेगळा माणूस असतो: लग्न लावणारे गुरुजी, भागवत सप्ताहाचे महाराज, भजनी मंडळाचे बुवा, गुरुदेव सेवा मंडळाचे प्रचारक. विदर्भात आपल्याला मोठा आधार आहे तो कीर्तनाचा. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, लेकरांना शिकवा हे लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. ती पद्धत आजही चालते. एका कीर्तनकार बुवांनी आमच्यासोबत दोन बैठका केल्या आणि मग निरूपणात फक्त एवढं विचारलं की "घरातली गाय व्याली तर तिला पुन्हा वळूला किती दिवसांनी दाखवता? मग सुनेचा हिशोब काहून करत नाही?" मांडवातल्या बायांनी एकमेकींकडं पाह्यलं. आम्हाला स्वतःला गाय-सून ही तुलना फारशी आवडली नाही, त्यांना तसं सांगितलं पण, तरी शेतकरी माणसाला ते लगेच समजलं हे मान्य करावं लागेल.

गुरुजींकडून एक छोटीशी गोष्ट मागा. लग्नात "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" हा आशीर्वाद देतात, त्याच्याजागी सुखानं नांदा, निरोगी राहा असा आशीर्वाद द्यायला सांगा. काही जण लगेच तयार होतात. आठ पुत्रांमधला "पुत्र" हा शब्दच किती पोरींच्या मुळावर आलाय ते त्यांनाही माहीत असतं, मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही या हट्टानं चौथं पाचवं बाळंतपण झालेलं त्यांनी पाह्यलेलं असतं.

ख्रिस्ती लोकांचं काय?

आधी चर्च कॅथलिक की प्रोटेस्टंट ते विचारा, दोन्हींची भूमिका वेगळी आहे. प्रोटेस्टंटांचा मार्ग मोकळा आहे, अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेनं १९३० मध्येच, काही अटींवर का होईना, संततिनियमनाला मोकळीक दिली होती. कॅथलिक चर्चची भूमिका पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या पत्रकापासून स्पष्ट आहे, कृत्रिम साधनं नाहीत, नैसर्गिक पद्धत चालेल. फादरना भूमिका बदलायला सांगू नका, ते त्यांच्या हातात नाही. त्यापेक्षा नैसर्गिक पद्धत नीट शिकवायला त्यांची मदत घ्या. ज्या बाईची पाळी २६ ते ३२ दिवसांत नियमित येते तिनं पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे, रंगीत मण्यांच्या माळेवर ते मोजता येतं. पाळी अनियमित असेल तर ही पद्धत भरवशाची नाही हे तितक्याच स्पष्टपणे सांगायचं. आणि बाळंतपणानंतर पहिले सहा महिने, पाळी आली नसेल आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल, तर तेवढ्यानं पण चांगलं संरक्षण मिळतं. तीनपैकी एक अट जरी मोडली तरी संपलं.

नसबंदीचं नाव काढलं की म्हातारे लोक एकदम बिचकतात, असं काहून?

आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, कितीतरी ठिकाणी जबरदस्तीनं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. आणि २०१४ मध्ये शेजारच्या बिलासपूरला शिबिरात ऑपरेशन झालेल्या डझनभर बाया गेल्या. ही भीती अडाणीपणातून आलेली नाही. तेव्हा कोणी म्हातारे बाबा चिडून बोलले तर वाद घालू नका, हो, असं झालं होतं म्हणा, आणि आज सही घेतल्याशिवाय, समजावून सांगितल्याशिवाय काही करता येत नाही हे सांगा. ज्या मशिदीत, मंदिरात, विहारात लोकांना वाटलं की इथून आपली नावं लिहून नेतात तिथलं काम त्या दिवशी संपलं समजा. आम्ही तर यादीच करत नाही.

एका विशिष्ट समाजाचीच लोकसंख्या वाढून राहिली, मग सगळीकडं कशाला जाता?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर वेळी त्रास होतो, पण उत्तर देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईमागं सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये ती २.३६ झाली. हिंदूंमध्ये ३.३ वरून १.९४. म्हणजे उतार मुस्लिमांमध्ये जास्त झालाय. बौद्धांमध्ये १.३९ आहे, सगळ्यांत कमी. महाराष्ट्राचा एकूण आकडा १.७. फरक पडतो तो पोरीच्या शिक्षणानं, गरिबीनं, दवाखाना किती लांब आहे त्यानं. हे काम एखाद्या समाजाची संख्या कमी करायला कोणी करत असेल तर कृपा करून आमच्यासोबत येऊ नका.

पुरुषांशी कोण बोलणार?

हेच तर धर्मगुरूंचं सगळ्यात मोठं बळ आहे! आशाताई पुरुषांशी मोकळं बोलू शकत नाही, इमामसाहेब आणि महाराज बोलू शकतात. देशात जवळपास ३८ टक्के विवाहित बायांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुष नसबंदीवर ०.३ टक्के. हा आकडा वाचून मला आजही वाईट वाटतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी थोड्या वेळाची असते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, पुरुषत्वात काही फरक पडत नाही. एवढं मात्र सांगा की त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, नाहीतर मधात दिवस गेले की संशय बायकोवर येतो, आणि असं घर मोडताना आम्ही पाह्यलंय.

साधनांची माहिती त्यांना किती द्यायची?

गैरसमज ओळखता येतील एवढी. तांबी छातीपर्यंत चढत नाही, ती गर्भाशयातच राहते, आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं, त्यानं पाळी पुढंमागं होते किंवा बंद होते आणि ते रक्त "आत साचत" नाही, पण बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, हे आधीच सांगितलेलं बरं. छाया ही गोळी हार्मोनची नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. रोज घ्यायची ती माला-एन. पुढचं सगळं विचारायला नागपुरात डागा, मेयो, मेडिकल हे सरकारी दवाखाने आहेत, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सरकारी ठिकाणी ही साधनं फुकट मिळतात. आम्ही प्रत्येक धर्मगुरूंना जवळच्या सिस्टरशी प्रत्यक्ष भेटवून देतो, कारण नुसता नंबर दिला तर कोणी लावत नाही.

गर्भपाताबद्दल पण बोलायचं का?

तुम्ही विषय काढू नका, पण त्यांनी काढला तर टाळू पण नका. गर्भपात हे कुटुंब नियोजनाचं साधन नाही, साधन वेळेवर मिळालं तर ती वेळच कमी येते. ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून आहे, लिंगनिदान मात्र गुन्हा आहे. आणि जिनं गर्भपात केलाय तिच्याबद्दल प्रवचनात वाईट बोलू नका एवढी हात जोडून विनंती करा.

बालविवाहाचा यात काय संबंध?

खूप. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. लग्न लवकर, बाळंतपण लवकर. लग्न लावणाऱ्याला तर २००६ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मग तो भटजी असो, काझी असो की भंते. हे धमकी म्हणून नका सांगू, माहिती म्हणून सांगा. वयाचा दाखला पाह्यल्याशिवाय मी उभा राहत नाही असं एका गुरुजींनी गावात जाहीर केलं, त्यांची दोन लग्नं गेली, पण त्यांनी शब्द सोडला नाही.

त्यांना मानधन द्यायचं का?

येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण, त्यापलीकडं नको. नसबंदीसाठी माणूस आणणाऱ्याला सरकारकडून थोडी रक्कम मिळते, ती धर्मगुरूंनी कधीच घेऊ नये. एकदा का लोकांना कळलं की महाराजांना डोक्यामागं पैसे मिळतात, की त्यांचा शब्द आणि आपलं काम दोन्ही गेलं.

एखाद्यानं उघड विरोध केला तर?

करू द्या. जाहीर उत्तर देऊ नका, फेसबुकवर तर अजिबातच नाही. त्यांच्याच परंपरेतला दुसरा मोठा माणूस शोधा आणि त्यांना आपसात बोलू द्या. काही ठिकाणी आम्ही तीन तीन वर्षं नुसते सणाला भेटायला जात राह्यलो. काही ठिकाणी दार उघडलंच नाही, तिथं आशाताई आणि महिला बचत गट यांच्यामार्फत काम चालू आहे.

या सगळ्यात बाया कुठं आहेत? सगळे धर्मगुरू तर पुरुषच.

बरोबर पकडलं. आम्ही पण पहिली दोन वर्षं फक्त पुरुषांच्या बैठका घेतल्या, आणि मग एका ताईनं विचारलं की निर्णय माझ्या अंगाचा आणि परवानगी सगळी त्यांची? तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी बायांची वेगळी बैठक असतेच, मदरशात शिकवणाऱ्या आपा, विहारातल्या उपासिका, चर्चचं महिला मंडळ, भजनी मंडळातल्या काकू, सगळ्यांची. धर्मगुरूंना आपण परवानगी द्यायला बोलवत नाही, भीती काढायला बोलवतो. साधन घ्यायचं की नाही घ्यायचं, चौथं लेकरू पाहिजे की नको, हे ती बाई ठरवेल, आणि तिला पाहिजे असेल तर तिला चांगलं बाळंतपण मिळेल हे पाहणं पण आपलंच काम.

सुरुवात कोणत्या दिवशी करावी?

११ जुलैला नको, जागतिक लोकसंख्या दिनाला सगळेच कॅमेरे घेऊन येतात. रमजानमध्ये इमामसाहेबांना वेळ नसतो, ईदनंतर जा. शुक्रवारी नमाज सुटली की लोकांना दुकानं उघडायची असतात, त्यापेक्षा आडवारी असरनंतर, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर, निवांत बोलणं होतं. भंतेजींसाठी आषाढ ते अश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास सगळ्यात चांगला, विहारात माणसं रोज जमतात. गुरुजी तुळशीच्या लग्नानंतर हाती लागत नाहीत, त्यांना पावसाळ्यात गाठा. सप्ताहाच्या महाराजांना सप्ताह ठरायच्या आधी भेटा, मांडव पडल्यावर नाही. आणि जाताना एखाद्या सिस्टरला नाहीतर डॉक्टरणीला सोबत न्या, कारण बोलणं संपलं की आतून त्यांच्या घरच्या बाया बाहेर येतात आणि त्यांना काहीतरी विचारायचं असतं.